पातळ, करपला, जमला

परवा नानांनी शिजून तयार झालेला अख्खा घाणा गटारात ओतला, तेव्हाच घरातल्या प्रत्येकाला कळून चुकलं होतं की आता बैठक बसणार. कढईतून एका वेळी उतरतो तेवढा साबण म्हणजे एक घाणा, चारशे वड्यांचा माल. बरं, तो बिघडलेलाही नव्हता. नानांनी जिभेला लावून पाहिला, "चावतोय" म्हणाले, म्हणजे कॉस्टिक सोडा अजून पुरता मुरलेला नाही, आणि कोणी मधे पडायच्या आत ओतून मोकळे झाले. थोरल्याने, म्हणजे नानांच्या मुलाने, कढईच्या कडेला राहिलेला बोटभर साबण खरवडून स्वतःच्या जिभेला लावला, तर चावायचं नाव नाही. थोरला त्यावर एक शब्द बोलला नाही. एरवी तो मनात काही ठेवणाऱ्यातला नव्हता, त्यामुळे त्याच्या गप्प बसण्याचीच सगळ्यांनी धास्ती घेतली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी कारखान्यावरच्या जेवणघरात सगळे जमले. नानांची मोठी बहीण, जिला नाना अक्का म्हणत आणि मुलं आत्या, ती टेबलाच्या टोकाला बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षं पाठीशी असूनही तिची जीभ अजून कुठे बोथट झालेली नव्हती. धाकटी, म्हणजे नानांची मुलगी, शाळेत गणित शिकवायची. ती सकाळच्या बसने आली होती आणि आल्या आल्या वडिलांच्या बाजूची खुर्ची तिने अडवून ठेवली होती. थोरल्यासमोर एक टाइप केलेला कागद होता. सूनबाई, थोरल्याची बायको, चहा ओतत होती.

नाना सगळ्यांत शेवटी आले. काखेत घाण्याची वही होती. त्यांना सकाळी उठल्यापासूनच ठाऊक होतं की आजचा दिवस वाईट आहे. सूनबाईने कपात चमचा फिरवला तर तो त्यांच्या कानात फिरल्यासारखा वाटत होता. अंगात रग इतकी की टेबल उचलून जिन्यावरून खाली टाकावं. अशा दिवशी समोरचा माणूस काहीही बोलला तरी तो आपल्याला डिवचतोय असंच वाटे. नाना खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले.

थोरल्याने सुरुवात केली ती मवाळपणे. सगळ्यांना माहीत असलेलंच तो पुन्हा सांगत होता: नाना सदुसष्ट वर्षांचे झाले, मनगटांचे सांधे सुजतात, रक्तदाबाचा डॉक्टर वेगळा, सांध्यांचा वेगळा, झोपेचा वेगळा. आई जाऊन दोन वर्षं होतील. माणूस खचतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग त्याने यादी काढली. बावीस वर्षं वड्या चिरणारा आपला माणूस नानांनी सगळ्यांसमोर वाटेल ते बोलून हाकलला. पंधरवड्यापूर्वी नाना चिरायच्या पाटाशेजारी बसून लहान मुलासारखे रडले, आणि का रडताय म्हटलं तर त्यांना सांगता आलं नाही. आणि परवाचं हे.

"चिरणाऱ्याला काढलं?" धाकटीने विचारलं. हे तिला कोणी कळवलेलं नव्हतं. तिने वडिलांकडे पाहिलं. नानांनी मान हलवली तशी ती खुर्चीत किंचित सरकून बसली, आणि आपली एक बाजू सरकली हे नानांना कळलं.

कागदावर चारच ओळी होत्या. यापुढे कढईवर थोरला उभा राहील. नाना वास आणि रंग बघतील. या घरात मालकी कागदावर कुणाच्याही नावावर असो, कढईवर उभा असेल त्याचा शब्द शेवटचा, मग तिथे खुद्द बाप आला तरी त्याने तोंड उघडायचं नाही. नानांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता हा. एकोणचाळीस वर्षं त्या जागेवर नाना होते. सही केली की ते वास बघणार, म्हणजे खिडकीशी बसून बाटल्या हुंगणार.

"कर सही, बाळ्या," अक्का नानांना म्हणाली. "मीपण सत्तरीला स्वयंपाकघर सोडलं. काही मेले नाही मी."

"तू सोडलं नाहीस अक्का, तुझ्या सुनेने तुला बाहेर काढलं."

"तेच ते. बाहेर आले ना?"

एरवी यावर हशा पिकला असता. थोरल्याला वाटलं, अक्का आपल्याकडे आहे, तर घाव घालून टाकावा. त्याने पेन पुढे सरकवलं आणि म्हणाला, की कॉस्टिकचं उकळतं पाणी असतं तिथे, नाना. उद्या रागाच्या भरात हात हलला आणि कोणाच्या अंगावर गेलं तर?

ही गोष्ट खरी होती, आणि नानांना सगळ्यांत जास्त झोंबली ती म्हणूनच. तो सरसरून वर येणारा राग त्यांनी ओळखला. आधी पोटात, मग छातीत, मग डोळ्यांच्या मागे. ते उठले, मोरीपाशी गेले, नळ सोडून दोन्ही मनगटं गार पाण्याखाली धरली आणि मनात घाण्याचं माप म्हणत राहिले. तेल इतकं, पाणी इतकं, कॉस्टिक इतकं. तीनदा माप म्हणून झाल्यावर ते परत आले. त्यांची ही मोरीवारी महिनाभर चालली होती, आणि घरच्यांना तीही एक विक्षिप्तपणाची खूणच वाटत होती.

नानांना खरी भीती होती ती कढई जाण्याची नव्हती. आपण असेच आहोत की काय, ही होती. आयुष्यभर आत दबून राहिलेला हा तिरसट, रडका माणूस म्हातारपणी बाहेर पडला असेल, आणि आपण उगाच त्याला आजार म्हणत असू, तर? या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून मग त्यांनी तेच केलं होतं जे साबण वारंवार बिघडला की करायचे.

"सहीआधी हे वाचा," त्यांनी वही धाकटीपुढे टाकली. "समासातलं वाच. मोठ्याने."

घाण्याच्या वहीत दर घाण्याचं तेल, पाणी, हवा, वेळ लिहिलेली असते. गेल्या दीड महिन्यात समासात बारीक अक्षरात आणखी एकेक शब्द होता. धाकटी वाचायला लागली. "करपला. करपला. करपला… जमला. पातळ. पातळ… नाना, हे साबणाचं आहे?"

"माझं आहे. रोज संध्याकाळी मी मला जिभेला लावून बघतो. पातळ म्हणजे रडू येतं, उठवत नाही. करपला म्हणजे तुम्ही सगळे बघताच. जमला म्हणजे मी."

सदुसष्ट वर्षांचा हा माणूस आपल्या मनाबद्दल आजवर कधी अवाक्षर बोलला नव्हता, बायको गेली तेव्हाही नाही. ते शब्द मुलीच्या तोंडून ऐकताना नानांना चारचौघांत सदरा काढल्यासारखं झालं. पण त्यांनी मान खाली घातली नाही. पुढच्या पानावर मोठ्या अक्षरात एक ओळ होती, तीही त्यांनी तिला वाचायला लावली: करपलेल्या दिवशी कढईला हात लावायचा नाही.

"हे तुम्ही कधी लिहिलंत?" थोरल्याने विचारलं.

"एका जमलेल्या दिवशी. आणि परवा मोडलं. चूक तिथे झाली माझी. तुझ्या कागदाशिवायही ती मला कबूल आहे."

धाकटीचं मात्र लक्ष नव्हतं. ती बोटांवर मोजत होती, आणि मग तिने थोरल्याने पुढे सरकवलेलं पेन उचलून त्याच्याच कागदाच्या मागे आकडे मांडले. सुरुवातीचे नऊ दिवस करपलेले. मग दहा पातळ. मग दहा करपलेले, मग पुन्हा दहा पातळ, आणि आता चार करपलेले. मधे एखाददुसरा जमला होता, तोही बदलाच्या तोंडावर. तिने मान वर केली. "दुःख असं दहा-दहा दिवसांच्या हप्त्यांनी येत नाही, दादा. वयसुद्धा येत नाही. दहा-दहा काय असतं या घरात?"

अक्का म्हणाली, काहीही असतं, दहा बोटं असतात. थोरला म्हणाला, माल दहा दिवसांनी जातो, पण त्याचा नानांशी काय संबंध. सूनबाईच्या हातातली किटली मात्र टेबलावर टेकली ती जरा जोरातच. ती खाली कोठीत गेली. जिन्यावरची तिची पावलं जाताना सावकाश होती आणि येताना भराभर.

तिने आणलेला पत्र्याचा डबा नानांच्या औषधांचा होता. कोठी तिच्या ताब्यात आल्यापासून तेलाचं एक पिंप खवट होऊन फुकट गेलं नव्हतं. ज्याची मुदत आधी संपते ते आधी वापरायचं, ही तिची शिस्त. सासऱ्यांच्या औषधांनाही तिने हीच शिस्त लावली होती आणि दर आठवड्याला सात कप्प्यांची डबी ती स्वतः भरत होती. घरात सगळे त्यासाठी तिचं कौतुकच करायचे.

तिने डब्यातून सांध्याच्या गोळ्यांची चार रिकामी पाकिटं आणि एक अर्धवट वापरलेलं काढलं आणि ज्या क्रमाने वापरली त्या क्रमाने टेबलावर मांडली. सगळ्यांवर नाव एकच होतं. नावापुढचा आकडा मात्र एकसारखा नव्हता. वीस, पाच, वीस, पाच, वीस. प्रत्येक पाकिटात दहा गोळ्या.

"आपल्या कोठीत नावापुढचा आकडा म्हणजे लॉटचा नंबर," ती म्हणाली. "नाव तेच, म्हणजे माल तोच. मी फक्त मुदत बघत गेले. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी गोळी बदलली नाही, कमी केली होती, वीसवरून पाचवर. रोज एक घ्या, एवढंच लक्षात राहिलं माझ्या. जुनी वीसची शिल्लक होती, ती मी वाया जाऊ दिली नाही. नाना, हे मी केलंय."

कुणालाही काही कळायच्या आत थोरला तिच्याकडे वळला. "तुला आकडा दिसला नाही? रोज माझ्या बापाला तू…" तो थांबला. दोन महिने बापावर धरलेला राग अचानक निराधार झाला होता, आणि तो कुठेतरी ठेवायला त्याला जागा हवी होती. अक्काने पाहिलं आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच ती भाच्यावर कडाडली. "तिच्याकडे बोट दाखवू नकोस. डबी भरताना कोण होतं तिच्याबरोबर? तू? मी? सगळ्यांनी तिच्या गळ्यात घातलं आणि वर शाबासकी दिली, की झालं आपलं काम." मग तिने टेबलावरचा टाइप केलेला कागद उचलला, चार घड्या केल्या आणि आपल्या पिशवीत टाकला.

धाकटीने सांध्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. सुट्टी असूनही त्यांनी उचलला, सगळं ऐकून घेतलं, झोपेची आणि रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे ते विचारलं. ही गोळी अशी वरखाली झाली तर माणसाचं मनही तसंच वरखाली होऊ शकतं, झोप उडते, राग येतो, मग अंगातलं सगळं गळून जातं, असं ते म्हणाले. आणि ठणकावून सांगितलं की घाबरून एकही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही; उद्या सकाळी डबा, चिठ्ठ्या, रिकामी पाकिटं, आणि हो, ती वहीसुद्धा घेऊन या.

फोन ठेवला गेला आणि सगळ्यांचे डोळे नानांवर आले. घरच्यांना वाटलं असेल की आता त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव येईल. सुटका होतीच. आपण तो माणूस नव्हे, हे कळल्याने त्यांचे डोळे भरून आले होते. पण त्या सुटकेखाली सूनबाईवरचा राग रटरटत होता. दोन महिने. चिरणाऱ्याचा तो पडलेला चेहरा. आपलं ते सगळ्यांदेखत रडणं. हिच्या शिस्तीपायी.

त्यांनी हात मांडीखाली घातले. "मला आत्ता तुझा राग आलाय सूनबाई," ते म्हणाले. "खोटं बोलत नाही. त्यातला माझा किती आणि गोळीचा किती, हे मला आज कळायचं नाही. म्हणून आज मी तुला काहीही बोलणार नाही. बोललो तर ऐकून घेऊ नकोस, वहीत लिहून ठेव. जमलेल्या दिवशी मी वाचेन आणि त्यातलं खरं असेल तेवढंच तुला पुन्हा सांगेन."

सूनबाई तोवर रडली नव्हती. आता रडली.

पुढचे आठवडे काही सोपे गेले नाहीत. डॉक्टरांनी तिन्ही ठिकाणच्या चिठ्ठ्या समोर ठेवून, बाकीच्या दोघांशी बोलून, सगळ्या औषधांचा एकच कागद केला. गोळी पायरीपायरीने उतरवायची होती, आणि प्रत्येक पायरीला नाना पातळ होणार हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं. नानांनी मग ते घरादारात जाहीर करून टाकलं. सोमवारपासून चार दिवस मला रडू येईल, कोणी समजूत घालायला येऊ नये, फक्त चहा आणून द्यावा. रडू आलं की ते साचे पुसत बसत. डोळ्यांतून पाणी, हातात फडकं. पहिल्या खेपेला कामगार अवघडले, दुसऱ्या खेपेला त्यांनी पुसायचे साचे आपणहून आणून ठेवले.

चिरणाऱ्याच्या घरी नाना एकटेच गेले. गोळीचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी जातानाच ठरवलं होतं. गोळी कुणाचीही असो, तोंड आपलं होतं. ते माफ कर म्हणाले. चिरणाऱ्याने अर्धा तास भरपूर ऐकवलं, आणि दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी येऊन पाट धुवायला घेतला.

कढईवर कोण, हा प्रश्न मात्र होताच. थोरल्याने तो पुन्हा काढला नाही. आपण कागद टाइप करून घेतला याची त्याला लाज वाटत होती. प्रश्न नानांनीच काढला. मी कढईवर येणार, ते म्हणाले, पण करपलेल्या माणसाला आपण करपलोय हे सगळ्यांत शेवटी कळतं. घाणा ओतला त्या दिवशीही मला जमल्यासारखंच वाटत होतं. तेव्हा रोज सकाळी कोणीतरी माझ्याकडे बघून हो किंवा नाही म्हणायचं, आणि मी हुज्जत घालायची नाही. ते काम सूनबाईने करायचं.

"मी?" ती म्हणाली. "एवढं होऊनही?"

"आपली चूक भरल्या टेबलावर मांडणारं या घरात दुसरं कोण आहे?"

पातळ दिवशी नाना आपणहून साच्यांकडे वळत; बाकी महिनाभर ती रोज हो म्हणत आली. नानांनाही हळूहळू तो एक उपचार वाटू लागला होता. मग एका सकाळी नाना उठले तेच शीळ घालत. आदल्या दिवशीच कागदावरची पुढची पायरी सुरू झाली होती, पण या खेपेला रडू यायच्या जागी उलटंच झालं होतं. झोप तीन तासांची, पण अंग हलकं, डोक्यात दहा कल्पना. आज दोन घाणे काढू, नवा वास करू, साचेसुद्धा बदलू. ते दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आले आणि एप्रनची गाठ मारता मारता चिरणाऱ्याला, थोरल्याला, समोर दिसेल त्याला हुकूम सोडू लागले. सूनबाई कोठीच्या दारात उभी राहून बघत होती.

"आज नाही, नाना."

ऐकूच गेलं नाही असं नानांनी दाखवलं. मग हसून म्हणाले की अगं, आज मला पंचविशीत असल्यासारखं वाटतंय.

"म्हणूनच नाही."

कारखान्यातले सगळे हात थांबले. थोरला वड्यांना कागद गुंडाळत होता, तो तसाच राहिला. नानांच्या पोटातून तो ओळखीचा जाळ उठला, छातीत आला, डोळ्यांच्या मागे आला. आपण अगदी ठीक आहोत याची त्यांना पुरेपूर खात्री होती. ही कालची पोर, जिने आपल्याला दोन महिने… इथपर्यंत आलं आणि त्यांनी स्वतःला धरलं. इतकी खात्री त्यांना जमलेल्या दिवशी कधीच नसे.

त्यांनी एप्रनची गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती, सुटायला वेळ लागला.

"मग कढईवर कोण?"

"मी," सूनबाई म्हणाली आणि एप्रनसाठी हात पुढे केला.

नाना खिडकीजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. तिने तेल तापवलं, कॉस्टिकचं पाणी बारीक धारेने सोडलं, आणि घोटायला लागली. ती फार हळू घोटत होती. नानांचा जीव वर-खाली होत होता. दोनदा त्यांनी तोंड उघडलं, दोनदा स्टुलाची कड धरून गप्प बसले. घाण्याला लागतो त्यापेक्षा पाऊण तास जास्त लागला. शेवटी साबण दाटला, पळीवरून जड होऊन पडू लागला. तिने फुंकर घालून कणभर जिभेला लावला, डोळे मिटले, क्षणभर थांबली. मग पळीवर थोडा घेऊन ती कारखान्याच्या मधून चालत नानांकडे आली आणि ती त्यांच्यापुढे धरली.

नानांनी पळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मला काय विचारतेस?" ते म्हणाले. "कढईवर तू आहेस."